ठेवणीतला लॉक

मित्रांनो, मी एक जुना डिफरन्शियल लॉक आहे. जुना वयाने, कामाने विचाराल तर अजून कोरा. हसू नका, पुढे ऐका.

माझं घर जीपच्या मागच्या ॲक्सलमध्ये. वळणावर बाहेरचं चाक जास्त फिरतं, आतलं कमी, म्हणून दोघांना मोकळं सोडलेलं असतं. पण चिखलात एक चाक अधांतरी झालं की सगळं बळ तेच खातं आणि नुसतं गरगरतं. अशा वेळी दोन्ही चाकं एकत्र बांधायची, हे माझं काम.

जीप दादाची, पण मला निवडलं त्याच्या धाकट्या भावाने. तो लाकडाच्या गिरणीत करवतीवर होता. मिस्त्रीने दोन प्रकार पुढ्यात ठेवले. एक आपोआप लागणारा. तो डांबरी रस्त्याच्या वळणावरही झटके देतो, टायर खातो. दुसरा मी, दांडा ओढला की लागणारा. धाकटा म्हणाला, "हाताने लावायचा घे दादा. आपल्या मर्जीत राहील." केवढी छाती फुगली होती माझी! मिस्त्रीने निघताना बजावलं, महिन्यातून एकदा तरी कच्च्या रस्त्यावर लावून सोडा, नाहीतर दांड्यापासून लॉकपर्यंत जाणारी केबल गंजून जाम होईल.

पण दादाचं घर कसं, तर नवे कप कपाटात आणि चहा कान तुटलेल्या कपात. दादाने दांड्याच्या मुठीवरचं प्लॅस्टिकसुद्धा काढलं नाही. धाकटा टोकायचा, तर ठरलेलं उत्तर: ठेवणीतली वस्तू आहे, अडीअडचणीला लागेल. पाहुण्यांना मात्र दांडा हौसेने दाखवायचा.

अडचण आली. करवतीत धाकट्याचा उजवा हात सापडला. त्याला मागे निजवून दादाने दवाखान्याला जवळची म्हणून ओढ्याची वाट धरली. चिखलात मागचं एक चाक उचललं गेलं. दादाने प्लॅस्टिकसकट दांडा ओढला. मी आत तयार बसलो होतो हो, पण गंजलेली केबल तसूभर हलेना. दादा दांड्याला लाथा घालत रडायला लागला. मागून धाकटा एवढंच म्हणाला, "राहू दे दादा. नवा आहे तो."

ट्रॅक्टरने ओढून काढेपर्यंत उशीर झाला. हात गेला. खापर माझ्यावर फुटलं. माल खोटा निघाला, असं दादा गावभर सांगत सुटला. त्याचा राग मला आजही येतो.

काल जीप बघायला गिऱ्हाईक आलं. त्याला चहा नव्या कपात मिळाला. पायरीवर धाकटा डाव्या हाताने जुना कप सावरत बसला होता. त्याच्यासमोरच दादा म्हणाला, "लॉक बघा, अगदी कोरा. एकदाही वापरलेला नाही."

गिऱ्हाईक खूश झालं. "मग मीही जपूनच ठेवीन," म्हणालं.

मित्रांनो, तुम्ही तरी ते प्लॅस्टिक काढा.