नळी नाकात, मगच अंगठा

ताई पंचवीस वर्षं नर्स. भल्याभल्या डॉक्टरांना तिनं सरळ केलं होतं. पण लाँड्रीतल्या इस्त्रीवाल्या काकांपुढे तिनं हात टेकले.

तिचा धाकटा भाऊ सोमवारी व्यसनमुक्ती केंद्रातून घरी यायचा होता. पाठीच्या ऑपरेशननंतर सुरू झालेल्या दुखण्याच्या गोळ्यांनी त्याला असं धरलं, की दोनदा तो मरता मरता वाचला. तीन महिने गोळी सुटलेली. शरीराची सवय मोडलेली, आता पूर्वीइतकी घेतली तरी जीव जाईल, हे ताईला पक्कं ठाऊक होतं. घर लाँड्रीच्या वर, ती दिवसभर ड्यूटीवर. खाली असणार काका आणि घड्या घालणारी मावशी. वेळ आली तर त्याला वाचवणं निदान एकाला तरी जमलंच पाहिजे, नाहीतर त्याला घरी आणायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

तिनं इस्त्रीच्या टेबलावर उशी निजवली आणि तिला मोज्याचं नाक शिवलं.

"आधी हाक मारायची, छातीचं हाड चोळायचं. उठत नाही, श्वास अडखळतोय, ओठ निळे पडलेत, तर लगेच अँब्युलन्सला फोन. मग हे नॅलोक्सोन, गोळ्यांवरचा उतारा. डोकं मागे, नळी नाकपुडीत, अंगठ्यानं दाबायचं. एका पंपात एकच फवारा, काका!"

काकांनी सरावासाठी आणलेला मुदत संपलेला पंप गंभीरपणे हातात घेतला, आणि आधी हवेत फुस्स करून पाहिला.

"काका! संपलं की ते!"

"अगं, तपासल्याशिवाय कसं मारू? पाण्याच्या बाटलीचा पहिला फवारा नेहमी थेंब टाकतो. कॉलरवर डाग पडला म्हणजे?"

मावशी हसून हसून खाली बसली. ताईला मात्र रडूच फुटलं. काकांचा चेहरा खर्रकन उतरला. तीस वर्षांची खोड, ती काय एका तासात जाते!

मग दोन दिवस काका रिकामा पंप घेऊन उशीच्या मागे हात धुऊन लागले. "नळी नाकात, मगच अंगठा," असं पुटपुटत शर्टमागून शर्ट इस्त्री करत. रविवारी तर त्यांनी एका गिऱ्हाइकालाच शिकवायला घेतलं. "तोंडानं श्वास देत राहायचा. दोन-तीन मिनिटांत हालचाल नाही, तर दुसरा पंप, दुसरी नाकपुडी. आणि अँब्युलन्स येईपर्यंत जागचं हलायचं नाही!"

ताई खूश झाली. तेवढ्यात काकांनी विचारलं, "आणि वरचं दार आतून बंद असलं तर?"

दोन्ही वेळा दार फोडावं लागलं होतं. पण कडी लावू नकोस म्हणायचं, म्हणजे तू पुन्हा घेशील असंच म्हणायचं. सख्ख्या भावाला हे सांगायला तिची जीभ रेटेना.

सोमवारी भाऊ आला, मान खाली घालून. काकांनी इस्त्री उभी ठेवली.

"ये रे पहिलवान. मी तुझ्याकडे वचन मागत नाही. वचन मोडलं की माणूस तोंड लपवतो. तू फक्त दाराला कडी लावू नकोस. बाकीचं मी शिकलोय."

भावानं स्क्रूड्रायव्हर मागितला आणि जिना चढून वर गेला. परत आला तेव्हा कडी त्याच्या हातात होती. ती त्यानं काकांसमोर ठेवली.

"शिकलायत तर ठेवा तुमच्याकडेच," तो म्हणाला, आणि कित्येक महिन्यांनी ताईकडे बघून हसला.

त्या दिवशी ताई वेळेवर ड्यूटीला गेली, आणि संध्याकाळपर्यंत तिनं घरी एकदाही फोन केला नाही.