होडीत आजारी कोणी नाही

होड्या नदीच्या वळणावर आल्या तेव्हा वल्हेकरी कोलँचं अंग तव्यासारखं तापलं होतं. चेहऱ्यावर, हातांवर लाल पुरळ उठलं होतं. दुभाष्या आन्सेल्मने ते बघताक्षणी ओळखलं. लहानपणी फ्रान्समध्ये त्याला स्वतःला देवी आल्या होत्या. वण अजून गालांवर होते.

समोर किनाऱ्यावर गाव दिसत होतं, त्या रानातल्या मूळ रहिवाशांचं. भाषा शिकावी म्हणून फ्रेंचांनी त्याला पोरवयात इथेच सोडलं होतं. गावातल्या वाबिगूनने त्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं. तिचा भाऊ मकवा आता गावाचा मुखिया होता.

"कोलँवर ताडपत्री टाका," ब्रेकूर म्हणाला. मोहीम त्याची. पश्चिमेचा समुद्र शोधायचा म्हणून निघालेला माणूस, आणि त्याची माणसं आता चामड्याच्या वाद्या उकडून चघळत होती.

"साहेब, खरं सांगू या. ते लांबूनच धान्य देतील."

"आणि नाही दिलं तर? नुसता ताप आहे तो. तू काय वैद्य लागून गेलास?"

मकवा गुडघाभर पाण्यात येऊन हात आडवा करून उभा राहिला.

"हाडं राहिलीत रे तुझी. गोरे लोक जेवायला घालत नाहीत वाटतं?" तो हसला, मग गंभीर झाला. "पूर्वेच्या गावांत अंगावर फोड येऊन माणसं मरताहेत म्हणे. तुमच्या होडीत कोणी आजारी आहे का?"

किनाऱ्यावरून भाजल्या माशांचा वास येत होता. मागे ब्रेकूर बघत होता.

"नाही मामा."

मकवाने हात खाली घेतला.

गावाने त्यांना मासे, रानतांदूळ, अस्वलाची चरबी, सगळं पोटभर वाढलं. वाबिगून आन्सेल्मच्या पानात वाढतच राहिली. तेवढ्यात होडीतून कण्हणं ऐकू आलं. ती माशांच्या रश्शाचं भांडं घेऊन उठली.

"आई, नको जाऊस. दारू चढलीय त्याला."

"चढलेल्याला भूक लागत नाही होय?"

त्याने तिचं मनगट धरलं. पलीकडून ब्रेकूरची नजर आली. आन्सेल्मने मनगट सोडलं. ती होडीकडे गेली.

कोलँ वरच्या धबधब्यापाशी मेला. पुढे समुद्र नव्हताच; नदी आटत गेली आणि नजर जाईल तिथवर गवत लागलं. पानगळ सुरू झाली तशा होड्या परतल्या.

गावातून धूर निघत नव्हता. ब्रेकूर थांबू नका म्हणाला. आन्सेल्मने पाण्यात उडी टाकली. झोपड्यांत माणसं निजल्या जागी पडली होती. बाहेर, चटईत गुंडाळलेल्या मकवापाशी वाबिगून बसली होती. चेहरा फोडांनी खाल्ला होता, डोळे गेले होते.

"आई."

तिने आवाजाकडे तोंड वळवलं. "मकवाने विचारलं तेव्हा तुला ठाऊक होतं?"

"होतं."

तिने मकवावरची चटई सारखी केली. मग म्हणाली, "पूर ह्यांना. माझ्याच्याने खणवत नाही."

नदीवरून ब्रेकूरने दोनदा हाक मारली. होड्या निघून गेल्या. आन्सेल्म खणत राहिला. आधी मकवा, मग त्याची पोरं, मग शेजारच्या झोपड्या. जमीन दिवसागणिक टणक होत होती. संध्याकाळी तो मासा भाजून तिच्याकडे न्यायचा. ती त्याच्या हातातून घेत नसे. तो मासा दगडावर ठेवून मागे सरायचा, आणि त्याची पावलं लांब गेल्यावर ती चाचपत हात पुढे करायची.