आतल्या बाजूचा बर्फ

त्या सकाळी आयलीचे केस भिंतीला चिकटले होते. झोपेत डोकं भिंतीला टेकलं आणि उजाडेपर्यंत बर्फानं केस धरून ठेवले. तिनं कोमट पाणी ओतून ते सोडवले, चार शिव्या हासडल्या आणि उलथनं घेऊन भिंत खरवडायला बसली.

बर्फ लेम्पीला दिसता कामा नये. नवरा आर्वो गेल्यापासून एकटी राहणाऱ्या या थोरल्या बहिणीनं अंगणात आयलीचा ट्रेलर, तिचं चाकांवरचं घर, लावू दिलं होतं ते एकाच अटीवर: आतल्या भिंतीवर बर्फ दिसला, की मुकाट्यानं घरात राहायला यायचं.

ट्रेलर एकसष्ट सालचा, पत्र्याचा, भिंती जेमतेम दोन बोटं जाड. शाळेच्या स्वयंपाकघरात बावीस वर्षं राबून आयलीनं तो घेतला होता. ट्रेलर घेण्याआधी एकतीस वर्षं सासूच्या घरात काढली, मग दोन वर्षं मुलाच्या सोफ्यावर. चौसष्टाव्या वर्षी पहिल्यांदा स्वतःच्या दाराची किल्ली हातात आली होती, आणि मिशिगनच्या हिवाळ्याला ती देऊन टाकायचा तिचा मुळीच विचार नव्हता.

हिवाळाही खटच होता. सरोवरावरून वारा सुटला की पत्रा कुरकुरायचा. आयलीनं चाकांभोवती गवताचे गठ्ठे रचले, त्यावर बर्फ थापला, खिडक्यांना प्लॅस्टिक लावलं, फटींत चिंध्या कोंबल्या, छपरातल्या झडपेत जुनी उशी ठासली. मुंगीला शिरायलाही जागा ठेवली नाही. पण जितकं बंद करावं तितकी भिंत जास्तच पाझरायची. विजेचा हीटर रात्रभर चालायचा आणि गादीची कड ओलीच.

शनिवारी दुपारी दोघी नेहमीप्रमाणे लेम्पीच्या सौनात, अंगणातल्या लाकडी खोलीत, वाफ घ्यायला बसल्या.

"खोकतेस फार," लेम्पी म्हणाली. "ओल आली असेल तुझ्या डब्यात."

"माझ्या डब्याला नावं ठेवू नकोस. ओलबिल काही नाही."

"बुधवारी कॉफीला येते. बघतेच भिंती."

"ये की! मी काय घाबरते?" आयली म्हणाली खरी, पण खोकला दाबूनच.

अंग धुऊन झाल्यावर लेम्पीनं शेगडीत आणखी दोन ओंडके सारले आणि काठीनं छताजवळची झडप उघडली. वडिलांनी लावलेली सवय. आग चालू, झडप उघडी. मग वाफ निघून जाते आणि फळ्या कुजत नाहीत. आयलीनं हे पन्नास वर्षं पाहिलं होतं. आज तिनं कपाळावर हात मारला.

"काय मूर्ख बाई आहे मी! माझ्याच श्वासाची, स्वयंपाकाची वाफ कोंडून ठेवली!"

"अगं, टॉवेल तरी गुंडाळ!" लेम्पी मागून ओरडत राहिली.

आयलीनं धावत ट्रेलर गाठला, छपरातली उशी उपसून काढली आणि झडप तीन बोटं उघडली. गार हवेचा झोत मानेवर आला, तशी ती टोपी घालून बसली, पण झडप लावली नाही. चार दिवस ती भिंती पुसत होती, भांड्यांवर झाकणं ठेवत होती, ओले मोजे बाहेर टांगत होती.

बुधवारी बाहेर शून्याखाली बावीस होतं. लेम्पी आत आली आणि वर बघतच राहिली.

"छप्पर उघडं? डोकं ठिकाणावर आहे ना?"

"भिंत बघ. छपराचं मी बघते."

लेम्पीनं भिंतीवर हात फिरवला. गादी उचलून मागे बोटं घातली. सगळं कोरडं होतं. तिचा चेहरा उतरला आणि ती गादीवर बसली.

"जिंकले मी," आयली म्हणाली. "तोंड का पाडतेस?"

"मला वाटलं होतं, जानेवारीत तरी येशील. आर्वो गेल्यापासून रोज कपाटातून दोन कप काढते गं मी, आणि एक परत ठेवते."

आयलीला गलबलून आलं, आणि रागही आला. "मग तसं बोलायचं ना! भिंतींच्या अटी कसल्या घालतेस?"

"बोलले असते तर आली असतीस?"

"नाही," आयली म्हणाली. तिनं बहिणीचा कोट काढून घेतला. "पण तुला इथं राहायला बोलावलं असतं. सरक, भिंतीकडची बाजू तू घे. कोरडी आहे."