मावशीची लय

“सत्काराचं काय ते झटपट उरका, साहेब. मी मेल्यावर बोलायला चार शब्द शिल्लक ठेवा!” मावशीने पाळकसाहेबांना भर चर्चमध्ये बजावलं, आणि पुढच्या बाकावरच्या बायका फिसकन हसल्या.

लग्न होऊन या गावात आली तेव्हापासून ती इथला ऑर्गन वाजवत होती. आठवडाभर शिलाई मशीन, रविवारी ऑर्गन. मंडळीतल्या किती जोडप्यांना तिने वाजवत आत आणलं, किती जणांना वाजवत शेवटचं पोचवलं! गेली काही वर्षं मात्र बोटं दगा देऊ लागली होती. डाव्या हाताची दोन तर वळेनातच. मग ती अवघड सूर गाळायची, आणि कुणाच्या लक्षात आलं नाही म्हणून देवाचे आभार मानायची. शेवटी तिनेच सांगितलं, “आता माझ्या भाचीला बसवा.”

भाषण झालं, टाळ्या झाल्या, भेट म्हणून भिंतीवरचं घड्याळ मिळालं. भाचीने गीत सुरू केलं. मुलगी तयारीची. पण पहिल्याच ओळीला मंडळी मागे पडली, दुसरीला नुसता गलका. भाची थांबली. तिचे कान लालबुंद झाले.

“अगं, जरा दमानं घे,” मागून सुतारकाका म्हणाले.

“पण काका, याची लय हीच आहे.”

“असेल गं. मावशीचे हात आखडायला लागले, तसे आम्ही सावकाश गायला लागलो. आता तेच अंगवळणी पडलंय.”

सगळे हसले. मावशीला हसू येईना. म्हणजे सगळ्यांना ठाऊक होतं! ज्यांच्या तोंडात तीळ भिजत नाही, त्या सुतारकाकांनीसुद्धा इतकी वर्षं अवाक्षर काढलं नव्हतं.

ती उठून भाचीजवळ गेली. तिच्या पाठीवर हात ठेवून हळूच म्हणाली, “तू तुझ्या लयीतच वाजव. ही माणसं येतात बरोबर.”

गीत पुन्हा सुरू झालं. बसायचं कुठे, हे मावशीला क्षणभर कळेना. तिसऱ्या बाकावर नवरा दिसला. दर रविवारी तो तिथे एकटा बसायचा, शेजारच्या जागेवर कोट ठेवून. तिला येताना पाहून त्याने घाईघाईने कोट उचलला. ती बसली. कोट ठेवायचा कुठे ते न सुचून तो गीत संपेपर्यंत मांडीवर धरून बसला.