कुजबुजरावांची कलचाचणी

नाटक मंडळी बंद पडली त्या दिवशी नट रडले, कपडेपटवाल्या बाई रडल्या, तिकीटखिडकीवरचे गृहस्थसुद्धा नाक पुसत होते. कुजबुजरावांना मात्र काहीच झालं नाही. विंगेतली खुर्ची त्यांनी मिटून भिंतीला टेकवली, घरी आले आणि जेवायला बसले.

नाव नटांनी ठेवलेलं. जन्मभर ते प्रॉम्प्टर होते. विंगेच्या अंधारात बसायचं आणि नट अडखळला की पुढचं वाक्य हळूच त्याच्या कानाशी पोचवायचं. बोल दुसऱ्याचे, टाळी दुसऱ्याची, आपला तेवढा श्वास.

पुढे मेहुण्याने आपल्या गोदामात जागा देऊ केली. "दाजी, सोमवारपासून या. अंधाराची सवय आहेच तुम्हाला, आमच्याकडेही दिवा एकच!" कुजबुजरावांची हो म्हणायला हरकत नव्हती, नाही म्हणायलाही नव्हती. बायकोने मध्ये तोंड घातलं ते त्यामुळेच.

"अहो, असेच हो म्हणाल आणि उरलेला जन्म तिथे काढाल," ती म्हणाली. "आधी ती कलचाचणी द्या. तुमचा कल कुठे आहे ते तरी कळू दे."

"या वयात?"

"कल म्हणजे काय दुधाचा दात आहे, पडून जायला?"

औषधांच्या दुकानावरच्या मजल्यावर चाचणीची खोली होती. कोपऱ्यात पाण्याचं यंत्र गुरगुरत होतं. शेजारच्या टेबलावर रात्रपाळी करून आलेली एक परिचारिका जांभया देत होती. संगणकाच्या पडद्यावर एकेक वाक्य उमटे आणि त्याखाली हो, नाही, सांगता येत नाही.

'मला यंत्रं उघडून बघायला आवडतं.'

कुजबुजरावांनी वाक्य ओठातल्या ओठात म्हणून पाहिलं. हे कोणाच्या तोंडी शोभेल? दुसऱ्या अंकातल्या घड्याळवाल्याच्या. तो हो म्हणाला असता. त्यांनी 'हो' दाबलं. 'चारचौघांत बोलताना मी खुलतो.' हे तर वकिलाचंच. हो. 'जखम पाहून मी घाबरत नाही.' सेनापती. हो. वाक्यामागून वाक्य, माणसामागून माणूस. हात सरसर चालला आणि सगळ्यांच्या आधी ते उठले.

समुपदेशक बाई त्यांच्या लेकीच्या वयाच्या होत्या. आलेख बघून त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा बघितलं. "लोकांची रेघ वर जाते, खाली येते. तुमची वर गेली ती उतरलीच नाही. यंत्रं, वकिली, शेती, सैन्य... सगळंच आवडतं तुम्हाला?"

"मला नाही. म्हणणाऱ्याला आवडतं."

"कोण म्हणणारा?"

"वाक्य ज्याच्या तोंडी आहे, तो." मग त्यांनी आपला धंदा सांगितला, घड्याळवाल्याचंही सांगितलं. बाई खळखळून हसल्या. हे हसत नाहीत असं दिसल्यावर गप्प झाल्या.

"बरं, आता मी विचारते. घड्याळवाल्याचं नको, तुमचं सांगा. तुम्हाला काय करावंसं वाटतं?"

पाण्याचं यंत्र एकदा गुरगुरलं, थांबलं. कुजबुजराव बाईंच्या ओठांकडे बघत राहिले. बाईंनाच ते सोसवेना. "म्हणजे... बागकाम वगैरे?"

"बागकाम वगैरे," कुजबुजराव लगेच म्हणाले.

"मी सुचवलं म्हणून म्हणालात ना?"

"हो."

बाईंनी एकेक वाक्य पुन्हा वाचलं. यंत्रं? सांगता येत नाही. माणसं? सांगता येत नाही. आता रेघ तळाशी जाऊन निजली.

"घरातलं कोणी गेलंय का हल्ली?" बाईंचा आवाज उतरला होता.

"नाही. मंडळी बंद झाली, तेवढंच."

"भूल दिलेल्या जिभेला चव विचारून काय उपयोग?" त्यांनी पडदा बंद केला. "आज यातून काही निघणार नाही."

"मग सोमवारचं काय करू?"

बाईंचे ओठ हलले. पण या खेपेला त्यांनी ते घट्ट मिटून घेतले.

घरी बायको धुतलेल्या चादरीच्या घड्या घालत होती. "काय निघालं?"

"काही नाही. मला काही वाटतच नाहीये गं. जेवतो, झोपतो, उठतो. जेवणात मीठ कमी की जास्त, तेही कळत नाही."

"आणि मी समजत होते, माझा स्वयंपाक आवडायला लागला म्हणून गुमान जेवताय." ती हसायला गेली, पण हसू अर्ध्यात राहिलं. चादर मांडीवर घेऊन ती त्यांच्याजवळ येऊन बसली.

तेवढ्यात फोन वाजला. मेहुणाच. बायकोने फोन उचलला आणि त्यावर हात ठेवला. "काय सांगू?"

तिला काय हवंय ते तिच्या ओठांवर आलेलं त्यांना दिसत होतं. एवढं अचूक तर त्यांनी कुठल्या नटाचंही वाचलं नव्हतं. ते तसंच म्हणून मोकळं होता आलं असतं. त्यांनी मान वळवली आणि समोरच्या कोऱ्या भिंतीकडे बघत राहिले.

"दे इकडे," ते अखेर म्हणाले.

"दाजी? अहो, आहात ना?"

"आहे." त्यांनी फोन कानाशी दाबून धरला. "सोमवारी येत नाही."

"मग कधी येताय?"

"ठाऊक नाही. येईनच असंही नाही."

"मग करणार काय?"

"ते अजून कळलेलं नाही."

मेहुणा पुष्कळ बोलला. त्यांनी ते सगळं ऐकून घेतलं आणि फोन ठेवला. छातीत काही हललं नाही. सुटल्यासारखं वाटलं नाही, भीतीही वाटली नाही. फोन दाबून धरलेला कान तेवढा गरम झाला होता. त्यांनी तो हाताने चाचपून पाहिला.