माझ्यात दडलेला घोट

मित्रांनो, पाठीवर घेऊन फवारतात ना, तो पंप मी. वय झालं. एक पट्टा तुटलाय, सुतळीवर भागतंय. फर्दापूरच्या रहीमचाचांचा मी, पण निम्म्या गावाच्या पाठीवर बसून झालंय माझं. एवढ्या पाठी कुठल्या भुतालाही मिळाल्या नसतील.

चाचांच्या पाणथळ तुकड्यात भात आहे. त्यात माक्याचं तण माजलं, तेव्हा त्यांनी माझ्यात टू-फोर-डी ओतलं. हे तणनाशक निवडून मारतं. भात ते पितो आणि पचवतो. माक्यासारख्या रुंद पानाच्या तणाला ते पचत नाही. तण लगेच मरतही नाही. आधी वाढत सुटतं. देठ पिळवटतात, पानं भलतीकडं लांबतात आणि वाढता वाढताच ते संपतं. शेजारी भात उभा, मानसुद्धा न वळवता. हे मी भर दुपारी पाहिलं आणि मला थंडी वाजली. मी प्लास्टिकचा आहे. मला थंडी वाजत नाही.

पुढं पाचव्या दिवशी शेजारची दीपमाला आली. शहरात, शहागंजातल्या साडीच्या दुकानातली नोकरी सोडून तिनं सासरच्या रानात दोन एकर कपाशी लावली होती. सासऱ्यांशी, आप्पासाहेबांशी, बोली झाली होती: कपाशी साधली तर शेती, नाहीतर पुन्हा दुकान. आता कपाशीवर माव्याची कीड पडली होती.

"चाचा, पंप धुतलाय ना?"

"दोन पाणी दिले बेटी. चहाच्या गिलासाला तर मी एकच देतो."

ती हसली, मला घेऊन गेली आणि माझ्यात माव्याचं औषध भरलं. माझ्या पाइपात, रबरी वायसरात टू-फोर-डीचा एक घोट दडून बसला होता. मला ओरडून सांगायचं होतं. पण मला तोंड एकच, नोझलचं. त्यातून तोच बाहेर आला.

कपाशीचं पान रुंद असतं, मित्रांनो.

आठवड्यात पानं निमुळती झाली, बोटांसारखी. वारा आला की रानभर हजारो बोटं हलायची, कुणाला तरी बोलावल्यासारखी.

"सूनबाई, ही कपाशी हाय का कोंबडीचे पाय?" आप्पासाहेब म्हणाले.

चाचा बघायला आले आणि बांधावरच बसले. "या अल्ला! माझा माका असाच झाल्ता."

"आन् तुमचा भात, चाचा?" दीपमालानं विचारलं.

"भात..." चाचांनी चोरी कबूल करावी तसं सांगितलं, "भात लई चांगला हाय."

त्या दिवसापासून चाचांनी विहिरीच्या पाण्याची आपली पाळी कपाशीला दिली. महिन्यानं निम्म्या ओळी नव्यानं पालवल्या, पानं पुन्हा तळहाताएवढी झाली. उरलेल्या ओळी तशाच बोटं पसरून उभ्या राहिल्या. दीपमालानं दुकानात फोन लावला. "यंदा नाय येत," एवढंच म्हणाली. आप्पासाहेब शेजारीच होते. त्यांनी खुरपं उचललं आणि कपाशीत शिरले.

मित्रांनो, तणनाशकाचा पंप वेगळा ठेवा. तेही जमत नसेल, तर धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात रात्रभर भिजवा, नोझल-वायसर काढून घासा, आणि मग पुन्हा धुवा. मला उलटं करून झटकलं आणि एक थेंबही पडला नाही, तरी विश्वास ठेवू नका. तेव्हाच तर मी भरलेला असतो.