राजा कसा होता

सरस्वतीबाई मुळातच भित्र्या. रस्त्यात पोलीस दिसला की डोक्यावरचा पदर आणखी पुढं ओढायच्या, जणू चोरी त्यांनीच केली होती. अशा बाईनं औरादच्या मुलींच्या शाळेत कादंबरी शिकवायला घ्यावी, तीही सोलापुराहून कुणाच्या तरी ट्रंकेतून लपतछपत आलेली, हे जरा अतीच होतं. पण मिडलच्या वर्गातल्या मुलींना त्याच त्या धड्यांचा कंटाळा आला होता, आणि कंटाळलेल्या मुली बाईंना बघवत नव्हत्या. भीती मोठी खरी, पण शिकवण्याची हौस तिला पुरून उरायची.

काळ निजामी राजवटीचा. शाळा खाजगी, सरकारी परवानगीवर चालणारी. परवानगी मिळायला चपला झिजवाव्या लागत, जायला एक शेरा पुरे होता. त्याच उन्हाळ्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका मास्तरांना मुलांकडून कसलंसं गाणं म्हणवून घेतलं म्हणून धरून नेलं होतं. ते अजून परतले नव्हते. बाईंच्या घरी अर्धांगानं अंथरुणाला खिळलेले वडील होते. बाईंना नेलं असतं, तर वडिलांच्या तोंडात पाणी घालायलाही कुणी नव्हतं.

कादंबरीतला राजा गावच्या विहिरींना कुलपं लावायचा. शेवटी तहानलेली माणसं त्याला गाढवावर उलटा बसवून शिवेबाहेर घालवतात. पुस्तक एकच, बाई वाचायच्या आणि मुली ऐकायच्या. मग बाईंनी टूम काढली, की जिच्या वाट्याला जे येईल ते तिनं शेणाचं करून आणायचं. दिवाळी नुकतीच झाली होती. दाराशी शेणाचे पांडव घालून मुलींचे हात तयार होतेच. गुरुबाई नावाच्या मुलीनं कुलूपबंद विहीर केली, कुणी म्हातारी केली. राजा आला निलम्माच्या वाट्याला.

निलम्मा मन्नाएखेळ्ळीची, मामाकडं राहून शिकणारी. तिनं विचारलं, "राजा कसा असतोय बाई?"

"तुला वाटेल तसा कर," बाई म्हणाल्या. शिक्षक हे फार सहज बोलून जातात.

पोरीनं जन्मात एकच राजा पाहिला होता, वर्गाच्या भिंतीवरच्या निजामाच्या तसबिरीतला. दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं पाटावरचं फडकं काढलं आणि बाईंची नजर थेट भिंतीवर गेली. डोक्यावर तुरेदार दस्तार, गळ्यापर्यंत शेरवानी, शेरवानीला ज्वारीच्या दाण्यांची बटणं. हुबेहूब. आणि हा असा गाढवावर, तोंड शेपटीकडं.

"चांगला झालाय की न्हाई?" निलम्मानं विचारलं.

तेवढ्यात शाळेची झाडलोट करणारी शकुबाई धापा टाकत आली. "बाई, शाळा तपासणारे मोहतमीमसाब आलेत. फाटकापाशी उतरायलेत."

राजा मोडायला बाईंचा हात पुढं झाला आणि तसाच थांबला. तुटकी दस्तार सापडली तर काय सांगणार? लपवायला वर्गात कपाटसुद्धा नव्हतं. शेण अजून पुरतं वाळलेलं नव्हतं एवढंच नशीब. बाईंनी गाढवाचे कान चिमटून त्यांची शिंगं केली. दस्तारीवर अंगणातला झेंडू दाबून बसवला. राजाला फिरवायला गेल्या तर तो कमरेतून तडकायला लागला, म्हणून तसाच ठेवला. पुस्तक गुरुबाईच्या सतरंजीखाली गेलं.

"पोरींनो, हे दिवाळीचे पांडव," बाई कुजबुजल्या. "राजा म्हणून शब्द काढायचा नाही. पुस्तक कुणी ऐकलेलं नाही. कुणी बोललं तर मला धरून नेतील."

मुलींनी बाईंना असं कधी पाहिलं नव्हतं.

साहेब दांडगेबिंडगे नव्हते. सडसडीत, अदबीनं बोलणारे होते, आणि बाईंना त्याचीच जास्त धास्ती वाटली. ओरडणारा माणूस निदान कळतो तरी.

"ये क्या बनाया बच्चियों ने?"

"दिवाळीचे पांडव, साहेब."

"दिवाली तो हो गई."

"तुळशीच्या लग्नापर्यंत ठेवतात आमच्यात," बाईंनी ठोकून दिलं.

साहेब पाटावर वाकले. हातातल्या छडीचं टोक झेंडूच्या जरा वर येऊन थांबलं. "और ये उल्टा क्यूँ बैठा है?"

बाईंना वडिलांची वाकडी जिवणी दिसली, रिकामा तांब्या दिसला.

"धर्मराज हाय साब," निलम्मा म्हणाली. "मागनं भाऊ यायलेत का न्हाई ते बघायलाय."

साहेब हसले. त्यांनी हजेरी तपासली, एका मुलीकडून पाढे म्हणवून घेतले, चहा घेतला आणि चांगला शेरा मारून निघून गेले. बाई मटकन खाली बसल्या. निलम्माला त्यांनी उराशी धरलं. पोरीचं अंग थरथरत होतं. बाईंना वाटलं, आपलंच थरथरतंय.

दुसऱ्या दिवशी पाटावरचं सगळं उकिरड्यात गेलेलं होतं. बाई मात्र हलक्या झाल्या होत्या. संकट टळलं की भित्र्या माणसाला भलतीच उमेद येते. पुस्तक न काढताच त्यांनी विचारलं, "सांगा बघू, कादंबरीतला राजा कसा होता?"

एकही हात वर झाला नाही.

"कोणती कादंबरी, बाई?" गुरुबाई म्हणाली.

बाईंना आधी हसूच आलं. "पुरे झालं गं. निलम्मा, तू सांग."

निलम्मानं दाराकडं पाहिलं. "चांगला होता बाई."

"विहिरींना कुलपं लावायचा तो?"

"पाणी वाया जाऊ नये म्हणून लावली असतील."

बाईंचं हसू विरलं. वर्गात बसलेल्या साऱ्या मुली खाली बघत होत्या. बाई उठल्या, दार लावून घेतलं, कडी घातली आणि निलम्माजवळ येऊन बसल्या. तिच्या पाठीवर हात ठेवून शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाल्या, "आता इथं कुणी नाही. खरं काय ते सांग."

निलम्मा सरकत सरकत भिंतीला जाऊन टेकली. तिचे डोळे भरून आले होते.

"खरंच सांगायले बाई. लई चांगला होता. माझं नाव कुणाला सांगू नका."